रविवारी दोघांना सोडत नाहीत

"रविवारी आपण गोल्फला जाऊ," बायको म्हणाली, आणि टोस्टच्या कडेपर्यंत लोणी नीट ओढून घेतलं. 'वीजबिल भरून टाक' म्हणावं त्या आवाजात म्हणाली, त्यामुळे सवयीनं त्याच्या तोंडून 'हं' निघून गेलं आणि वाक्य कानात नंतर शिरलं. गोल्फ. त्यांच्या घरात आजवर या खेळाचा उल्लेख फक्त टीव्हीवरचं चॅनेल बदलताना झाला होता, तोही 'काय बघतात यात लोक' एवढाच. त्यानं चहाचा घोट गिळला. चहा नेहमीसारखाच होता. समोर बायकोही नेहमीसारखीच बसली होती, केस ओले, चष्मा कपाळावर चढवलेला, ऑफिसची पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली. फक्त ती त्याच्याकडे बघत नव्हती. मूल औषध पितंय की नाही याचा अंदाज घेणारी बाई जशी मुद्दाम दुसरीकडे बघते, तशी ती टोस्टकडे बघत होती. "गोल्फला म्हणजे?" त्यानं विचारलं. "म्हणजे गोल्फ खेळायला. ते नगरपालिकेचं मैदान आहे ना, पाण्याच्या टाकीपलीकडचं. तिथे कुणालाही जाता येतं. आपण दोघंच. सोमवारी मला उत्तर द्यायचंय, त्याआधी तिथे बोलू." "बोलायला गोल्फ कशाला? इथं बोल की." तिनं टोस्टचा तुकडा मोडला. "इथं तू उठतोस," ती म्हणाली. हे खोटं आहे असं म्हणायला त्याला जागा राहिली नव्हती, कारण तेवढ्यात तो कप विसळायला उठलेला होता.

काल संध्याकाळीही तो उठला होता. बायको ज्या कंपनीत चष्म्याच्या काचांची तपासणी करते, त्या कंपनीचा नवा कारखाना दुसऱ्या शहरात उभा राहतोय, रेल्वेनं सगळी सकाळ खर्ची पडेल इतका लांब, आणि तपासणीचं सगळं खातं तिच्या हाती द्यायचं म्हणतायत. हे तिनं याच टेबलाशी सांगितलं होतं, दोन वाक्यांत. दुसरं वाक्य संपतं न संपतं तोच त्याला मोरीत पाणी ठिबकल्यासारखं वाटलं. तो जाऊन वॉशिंग मशीनमागं उकिडवा बसला. पाइप कोरडा ठणठणीत होता. तरी तो तिथंच बसून राहिला, पाइपवरून हात फिरवत, भिंतीच्या ओलसर वासात, गुडघे दुखेपर्यंत. बाहेर आला तेव्हा बायको वर्तमानपत्र वाचत होती आणि टेबल पुसलेलं होतं. आठ वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. तेव्हा लेक शाळेत होती, कारखाना वेगळा होता, आणि बायकोनं विचारलं होतं, "जायचं का आपण?" तेव्हा स्वयंपाकघरातला नळ गळत होता, खरोखरच गळत होता. त्यानं पाना आणला, वायसर बदलला, गॅलरीतल्या नळाचाही बदलून टाकला. तोवर लेकीला अभ्यासाला बसवायची वेळ झाली. पुढच्या आठवड्यात बायकोनं कंपनीला नाही म्हणून कळवलं. का, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तो नळ मात्र आजतागायत गळत नाही.

खरं म्हणजे उठणं हाच त्याचा व्यवसाय होता. आगीच्या वेळी इमारतीतून माणसं बाहेर कशी पडतील हे तपासणाऱ्या कार्यालयात तो नोकरीला होता. माणूस आत आला रे आला की तो बाहेर कसा जाईल याचा विचार करण्याचा त्याला पगार मिळत असे. प्रत्येक खोलीला दोन वाटा, दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, जिन्यात अडगळ नको. सिनेमाला गेलं की पडद्याआधी त्याची नजर दोन्ही बाजूंच्या हिरव्या दिव्यांकडे जायची. लग्नकार्याला तो आदल्या दिवशी हॉल बघून यायचा आणि यजमानांना वाटायचं, किती आपुलकीचा माणूस. बायकोची ओळखही अशीच झालेली. काचांच्या त्या कंपनीत तो तपासणीला गेला आणि नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी मागच्या दाराला टेबल लावून बसलेली त्याला दिसली. "इथं बसता येणार नाही, ही बाहेर पडायची वाट आहे," तो म्हणाला. "मग कुठं बसू ते सांगा," ती म्हणाली. तिचं टेबल कुठं बसवावं या विचारात त्याचा अर्धा दिवस गेला होता, आणि पुढं बऱ्याच वर्षांनी एकदा ती म्हणाली होती की एवढा वेळ एका जागी थांबलेला तू मला तेव्हाच दिसलास.

सवय लहानपणची असणार. दोन खोल्यांचं घर, आणि आई-वडिलांची भांडणं तिसऱ्या खोलीत व्हावीत तशी व्हायची, म्हणजे ती नव्हतीच असं धरून. वडील आवाज चढवायच्या आधी घसा खाकरायचे. खाकरणं ऐकू आलं की आई म्हणायची, जा रे, जरा कोपऱ्यावरून काहीतरी घेऊन ये. काहीतरी म्हणजे काय हे कधीच ठरलेलं नसायचं. तो काडेपेटी आणायचा. पुढं पुढं आईनं सांगायची गरज उरली नाही, खाकरण्याआधीच तो चपला घालायचा. घरात काडेपेट्यांची रास पडली, आणि आपण मोठेपणी आग विझवण्याच्या खात्यात का गेलो याचा विचार कधीमधी मनात आला की त्याला त्या राशीचा गंधकाचा वास यायचा. परत येईपर्यंत घरात सगळं शांत झालेलं असायचं. हा अनुभव इतक्या वेळा आला की त्याचा नियमच होऊन बसला: आपण बाहेर जाऊन आलो की गोष्टी मिटतात. कशा मिटतात, कुणाच्या बाजूनं मिटतात, हे बघायला तो कधी तिथं नव्हता.

मैदानाची तयारी मात्र त्यानं मनापासून सुरू केली, कारण तयारी हेही एक उठणंच. दुपारी कार्यालयात संगणकावर त्या मैदानाचं पान उघडलं. गळपट्टीचा शर्ट हवा, जीन्स नको, काठ्या भाड्यानं मिळतील, चेंडू हरवल्यास मैदान जबाबदार नाही. होल म्हणजे चेंडू घालायचे खड्डे, नऊ किंवा अठरा. रविवारची सकाळची एक वेळ बायकोनं त्याच्या नावावर घेऊनही टाकली होती, नऊ होल. मग नकाशा आला, फिकट हिरवा, मधे निळी डबकी, आणि त्यानं सवयीनं बाहेर पडायच्या वाटा शोधल्या. पहिल्या होलपासून वाट इमारतीकडे पाठ करून निघायची, झाडांच्या पट्ट्यापलीकडे जायची, वळसे घेत लांब कुठंतरी भटकायची आणि नवव्याला पुन्हा इमारतीपाशी यायची. मधे काही नाही. जिना नाही, दार नाही, मोरी नाही. ज्या जागेला भिंतीच नाहीत तिला दारं कुठून असणार? बायकोनं जागा नीट निवडली होती. दोन अडीच तास दोन माणसं एकाच दिशेनं चालणार, हातात काठी असल्यामुळे दुसरं काही काम करता येणार नाही, आणि मधेच परत फिरायचं म्हटलं तरी तेवढंच चालावं लागणार. तिच्या डोक्याचं त्याला कौतुक वाटलं आणि धास्तीही, दोन्ही एकाच वेळी.

मागच्या टेबलावरचा सहकारी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता. सगळं कार्यालय त्याला भोंगा म्हणत असे, तोंडावरच, आणि तोही ओ देत असे. "काय राव, गोल्फ?" भोंगा सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा खाजगी आवाजात म्हणाला. "म्हणजे आता आम्हाला ओळख दाखवाल की नाही?" "बायकोला जायचंय." "वहिनी खेळतात?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की उत्तर आपल्याला माहीत आहे. गेल्या हिवाळ्यात तिनं सांगितलं होतं, आमच्या कारखान्यामागं चेंडू मारायच्या सरावाची जागा झालीय, आम्ही दोघीतिघी जातो सुटल्यावर, बरं वाटतं. तो 'छान' म्हणाला होता आणि गॅस बंद आहे का बघायला गेला होता. "खेळते," तो म्हणाला. "आणि तुम्ही?" "मी बरोबर चालणार." "चांगलंय," भोंगा म्हणाला. "माझी ही तर मला भाजीला पण नेत नाही. म्हणते, तुम्ही भाव वाढवून ठेवता." मग आवाज खरोखरच खाली आणून, म्हणजे इतरांच्या नेहमीच्या पट्टीत, तो म्हणाला, "वहिनींना तिकडं बोलावलंय म्हणे. आपलं कार्यालय आहे हां तिकडं. साहेबांशी बोललात तर बदली होऊन जाईल. जागा रिकामीच आहे." ते त्यालाही ठाऊक होतं. बायकोलाही ठाऊक असणार. प्रश्न बदलीचा नव्हताच. आठ वर्षांपूर्वी ती 'जायचं का आपण' म्हणाली होती. काल म्हणाली, मला बोलावलंय, मला जावंसं वाटतंय. त्यात तो कुठंच नव्हता. ती गेली तर काय, याची त्याला भीती नव्हती. मैदानाच्या मधोमध, झाडांपलीकडे कुठंतरी थांबून ती शांतपणे म्हणेल की मी जाते, तू इथंच राहा, तू आलास काय नि नाही काय, फरक फारसा पडत नाही, आणि तेव्हा पुढचं होल गाठेपर्यंत त्याला तिच्या शेजारून चालत राहावं लागेल, याची होती.

संध्याकाळी लेकीचा फोन आला, वसतिगृहातून, मागं भांड्यांचा आवाज. "बाबा, तुम्ही? गोल्फ?" ती हसत होती. "आई म्हणाली तेव्हा मला वाटलं चेष्टा करतेय. शर्ट आत खोचा हां. आणि काठी फिरवताना मागं कुणी नाही ना बघा." "बघीन." "ते तुम्ही बघालच म्हणा," लेक म्हणाली, आणि मग, "आईचं ऐकून घ्या बाबा." ऐकून घ्या, हे शब्द माणसं दवाखान्यात वापरतात, असं त्याला वाटलं. लेकीला किती माहीत आहे, आणि आपल्याला जे सांगायला मैदान लागतं ते तिला फोनवर किती सहज सांगून झालं असेल, याचा विचार करत त्यानं गळपट्टीचा शर्ट कपाटातून काढला, इस्त्री केला, घडी केला, उलगडून पुन्हा इस्त्री केला.

शनिवारी तो मैदान बघायला गेला. बायकोला म्हणाला, जरा जाऊन येतो. कुठं, हे तिनं विचारलं नाही, कारण पंचवीसेक वर्षं तो जरा जाऊनच येत होता. पाण्याच्या टाकीपलीकडं बस उलटी वळते, तिथून तारेच्या कुंपणाकडेनं रस्ता जातो. ऊन चांगलंच होतं. कापलेल्या गवताचा हिरवा, किंचित आंबट वास येत होता, आणि मधूनमधून कुठूनतरी टक् असा कोरडा आवाज यायचा, पाठोपाठ काहीच नाही. चेंडू पडल्याचा आवाज येत नसे. तो ऐकू न येणारा दुसरा आवाज त्याला अस्वस्थ करत राहिला. फाटकं बघून घ्यावीत, कुंपणाला कुठं वाट आहे का पाहावं, या विचारानं तो आला होता. पण आधी तिकिटाच्या खिडकीशी जाऊन, उद्याची वेळ आहे ना, याची खात्री करावी म्हणून थांबला. खिडकीत एक बाई पंख्याखाली बसून पेन्सिलीला टोक करत होती. तिनं वही बघितली. "हो, आहे. दोघंजण. तुमच्याबरोबर अजून दोघं येतील." "आम्ही दोघंच आहोत." "तुम्ही दोघंच आहात, पण रविवारी सकाळी दोघांना सोडत नाहीत. गर्दी असते ना. चौघं पुरे करून सोडतो. एकटे आले तर तिघांत घालतो, दोघं आले तर दोघांत." "अनोळखी?" "पहिल्या होलला अनोळखी," बाई म्हणाली. "नवव्यापर्यंत एकमेकांचे फोन नंबर घेतात."

सुटलो, त्याला वाटलं, आणि बहुधा ते तोंडून निघालंही, कारण बाईनं "काय?" म्हणून वर बघितलं. काही नाही, तो म्हणाला, आणि कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. छातीतून काहीतरी सैल होऊन खाली उतरत होतं, ऊबदार, थोडं लाजिरवाणं. आत चौघं चालले होते, दोन मध्यमवयीन पुरुष आणि एक तरुण जोडपं. वाह, छान गेला, एक पुरुष म्हणाला. वारा लागला जरा, तरुणी म्हणाली. पुन्हा टक्. हे चौघं एकमेकांना काहीच सांगू शकणार नव्हते, किती सुरेख सोय होती. बायको सरावाच्या जागेवर शिकली, तिला हा नियम ठाऊक नव्हता. उद्या एखादा दातांचा डॉक्टर येईल आणि त्याचा मेहुणा. मेहुणा विनोद करेल. बायको दोनदा त्याच्याकडे बघेल, तिसऱ्यांदा बघणार नाही. नवव्या होलला हस्तांदोलन होईल, परतताना बसमध्ये ती दमलेली असेल, आणि सोमवारी ती जे काय असेल ते उत्तर देईल. यात त्याचा काही दोष नसणार. तो तर गेला होता, शर्ट खोचून गेला होता. नियमच तसा, त्याला कोण काय करणार. अशी निर्दोष वाट त्याला आजवर एकाही इमारतीत सापडली नव्हती.

आठवड्यातून एकदा कुठल्या ना कुठल्या ऑफिसात त्याचं एक भाषण असे. खुर्च्यांवर बसलेली माणसं जांभया देत आणि तो पडद्याकडे काठी दाखवत सांगे की आगीत माणसं वाट नसते म्हणूनच अडकतात असं नाही. पाठीमागं दुसरं दार उघडं असतं, त्यावर हिरवा दिवा असतो, आणि तरी सगळे ज्या दारानं आत आले त्याच दाराकडे धावतात. कारण ते ओळखीचं असतं. मग तो पुढचं चित्र लावे. त्या चित्रात ओळखीचं दार असे आणि त्याच्यासमोर काय असे ते तो कधी शब्दांत सांगत नसे, माणसं आपोआप जांभया थांबवत. हे तो इतक्या वेळा बोलला होता की त्याला ते फक्त घशात ठाऊक होतं. कुंपणाची तार उन्हानं तापलेली, तिच्यावर त्याची बोटं, आत तरुणी कुणाला तरी 'धन्यवाद' म्हणत होती, आणि त्याला अगदी स्पष्ट दिसलं की हा जो ऊबदार सैलपणा आहे तो वॉशिंग मशीनमागचा आहे, नळाखालचा आहे, कोपऱ्यावरच्या दुकानातला आहे, वास वेगळा एवढंच. त्याला पश्चात्ताप वगैरे झाला नाही. आपलंच भाषण आपल्याला लागू पडल्यावर माणसाला येतो तसा थोडा राग आला, वक्त्याचा. तो खिडकीशी परत गेला. "दोघांनाच जायचं असेल तर?" बाईनं पेन्सिल कानावर ठेवली. "चारनंतर या. ऊन असतं, कुणी येत नाही. मग दोघं जा नाहीतर एकटे जा. पण नऊ पुरे होतीलच असं नाही हां. अंधार पडेपर्यंत जेवढं होईल तेवढं. पैसे परत मिळत नाहीत." "चारची द्या," तो म्हणाला. तिनं खोडलं, लिहिलं. समोरून बस आली म्हणून तो धावत जाऊन चढला.

बायको टेबलाशी धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होती. तो समोरच्या खुर्चीवर बसला. "रविवारी सकाळी दोघांना सोडत नाहीत," तो म्हणाला. "अनोळखी दोघं जोडून देतात. चौघं लागतात." तिचा हात थांबला. "तू जाऊन आलास?" "हो." "वाटलंच मला." मग तिनं मोज्यांकडे बघितलं, आणि आठ वर्षांपूर्वीचा एक आवाज त्याच टेबलाशी पुन्हा निघाला. "राहू दे मग," ती म्हणाली. "मी चारची वेळ घेतलीय," तो म्हणाला. "चारला कुणी नसतं." आता तिनं त्याच्याकडे बघितलं, काच उजेडात धरून तडा आहे का बघतात तसं. "चौघं असले की बोलता येणार नाही, हे तुला कळलं होतं?" "हो." "आणि तरी चारची घेतलीस." "आधी सकाळचीच राहू देणार होतो." "मग?" "मग नाही राहू दिली," तो म्हणाला.

त्याचे गुडघे उठू बघत होते. गुडघ्यांना स्वतःचं मन असतं हे त्याला पहिल्यांदाच जाणवलं. त्यानं दोन्ही तळवे त्यांच्यावर दाबून धरले. गॅलरीत वाऱ्यानं काहीतरी हलल्यासारखं वाटत होतं, आत काहीतरी गळत असावं, जिन्यात कुणीतरी काहीतरी ठेवून गेलं असावं. "मी तिकडं येऊ की नको?" त्यानं विचारलं. विचारल्यावर प्रश्न फार छोटा वाटला, एवढ्यासाठी मैदान कशाला हवं होतं असा. एका मोज्याची जोडी सापडत नव्हती, ती शोधायचं बायकोनं सोडलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "अगदी खरं सांगते. जायचं ते ठरलंय माझं. तुझं नाही ठरलं. तू असा समोर बसलास ना, की मी तुला समजावायला लागते आणि समजावता समजावता माझं मलाच दुसरं काहीतरी पटतं. म्हटलं, शेजारून चालत असलो तर तुझं तोंड दिसणार नाही. दिसलं नाही तर कदाचित कळेल." तो तीन दिवस निकाल ऐकायची तयारी करत होता आणि न्यायाधीशानंच साक्षीदार मागावा तसं झालं. हे बरं की वाईट हे त्याला कळेना. नको म्हणाली नव्हती. ये असंही म्हणाली नव्हती. आणि उद्या चालता चालता तिला 'नको'च कळू शकत होतं. तशी सगळी सोय आता त्यानंच करून ठेवली होती.

"चारला निघालो तर किती होईल?" तिनं विचारलं. "अंधार पडेपर्यंत जेवढं होईल तेवढं, असं म्हणाली ती बाई." बायकोनं मान हलवली. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचे जिन्याचे दिवे लागत होते, एकेका मजल्यानं. "आणि लांब कुठंतरी असतानाच अंधार पडला तर?" ती म्हणाली. "त्या झाडांपलीकडं वगैरे. बाहेर कुठून पडायचं?"

त्यानं सांगायला तोंड उघडलं. या शहरातल्या कुठल्याही इमारतीबद्दल हा प्रश्न त्याला झोपेतून उठवून विचारला असता तरी चाललं असतं.

"ते बघायचं राहिलंच," तो म्हणाला.